गुलाबांखालचा सांडवा

अमिरातीतल्या अल ऐन शहरात ज्या ऑफिसात मी काम करते ते एका श्रीमंत कुटुंबाचं खासगी ऑफिस आहे. त्यांच्या इमारती, शेतं, गाड्या, नोकरांचे व्हिसा, सगळ्याचे कागद इथे सांभाळले जातात. मी तिथे लागले तेव्हा ज्या फाइली माझ्याकडे आल्या त्यात एक जाडजूड निळी फाईल होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'फ्रान्स, कासल'.

मी रायगड जिल्ह्यातली. किल्ला म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर डोंगर, बुरूज आणि चढून चढून लागलेली धाप येते. फाइलीतल्या फोटोत तसं काहीच नव्हतं. सपाट हिरव्या जमिनीवर एक लांबलचक पांढुरकं घर, उंच उंच खिडक्या, काळ्या पाटीच्या दगडाचं उतरतं छप्पर. एका बाजूला पारव्यांसाठी बांधलेला गोल मनोरा. समोर दोन्ही बाजूंनी झाडं असलेला रस्ता आणि मागे, घरापेक्षा थोडा उंचावर, मातीच्या बांधाने अडवलेला मोठा तलाव. अठराव्या शतकात कुणा सरकारी वकिलाने हे सगळं बांधलं होतं. पुढे क्रांतीत घरातलं सामान लिलावात गेलं, एका युद्धात तिथे जखमी सैनिक ठेवले, मग वीस-पंचवीस वर्षं ते नुसतं बंद होतं. आमच्या मालकांनी ते घेतलं ते मॅडमसाठी. मॅडम म्हणजे मालकांच्या पत्नी. इथल्या उन्हाळ्यात त्यांना श्वासाचा त्रास व्हायचा, म्हणून जून लागला की त्या तिकडे जायच्या.

आठ वर्षं मी ते घर सांभाळलं आणि एकदाही पाहिलं नाही. छपराचे दगड कधी बदलायचे, पन्हळी कधी साफ करायच्या, विमा, माळ्याचा पगार, सरकारी परवानग्या, सगळं माझ्या टेबलावरून. ते घर आणि भोवतीची सगळी जमीन तिथल्या कायद्याने संरक्षित वारसा होती. एखादं जुनं झाड पाडायचं तरी सरकारी वास्तुतज्ज्ञ बाईंची परवानगी लागायची. तिकडे राखणदार होता, सत्तरीकडे झुकलेला, तिथेच जन्मलेला. त्याचं इंग्लिश माझ्या फ्रेंचपेक्षा जरा बरं होतं, इतकंच. पण व्हिडिओ कॉल आणि भाषांतराचं ॲप यांच्या जोरावर आमचं छान जमलं होतं.

मॅडम वारल्या त्याला, ही गोष्ट घडली तेव्हा, चार वर्षं झाली होती. त्यांनी तिथे एक गुलाबाची बाग केली होती. तलावाच्या बांधाच्या टोकापासून मनोऱ्याच्या दिशेने एक जुना कोरडा खळगा जात होता. तो त्यांना आवडायचा नाही. त्यांनी तो भरून घेतला, वर चांगली माती टाकली आणि गुलाब लावले. रोपं मीच मागवली होती. मॅडम इथे ऑफिसात येऊन माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या आणि कॅटलॉगच्या पानांवर बोट ठेवायच्या. "ये वाला. और ये. नहीं, ये नहीं, इस में खुशबू नहीं."

त्या गेल्यावर मालक दर जूनमध्ये एकटेच जायचे आणि म्हणे त्या बागेत खुर्ची टाकून बसायचे.

त्या वर्षी जानेवारीत तिकडे पाऊस लागून राहिला. दहा-अकरा दिवस. एका गुरुवारी सकाळी साडेनऊला मी ऑफिसात पोचले तर राखणदाराचे चार मिस्ड कॉल. त्याच्याकडे अजून उजाडलंही नव्हतं. मी फोन लावला. पडद्यावर टॉर्चचा उजेड, पाऊस आणि त्याचं भिजलेलं तोंड.

"पाणी खूप," तो म्हणाला. "गेट बंद. गेट तुटलं."

तलावाचं पाणी सोडायला बांधात एक लोखंडी दरवाजा होता. चाक फिरवून तो वर उचलायचा. पहाटे त्याने जोर लावून चाक फिरवलं तर आतला गज मोडला. दरवाजा बंदच राहिला. बांधाच्या माथ्यापासून पाणी जेमतेम दोन वितींवर आलं होतं आणि चढत होतं. बांधाच्या खाली, ओढ्याच्या काठाने, गावातली सात-आठ घरं होती. त्याने अग्निशमन दलाला कळवलं होतं. पण शेजारच्या खोऱ्यात घराघरांत पाणी शिरलं होतं, सगळी माणसं तिकडे अडकली होती. संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले होते. गावच्या महापौरांनी, तिकडे सरपंचाला तसंच म्हणतात, खालच्या घरांतल्या लोकांना निघायला सांगितलं होतं. काही निघाले. दोन म्हातारी माणसं दार उघडायला तयार नव्हती.

मी मालकांना फोन लावला. बंद. मग मुदीरच्या केबिनमध्ये गेले. मुदीर म्हणजे आमचे मॅनेजर, जॉर्डनचे, वीस वर्षं याच खुर्चीत.

"ते विमानात आहेत," मुदीर म्हणाले. "क्वालालंपूर. साडेचारला उतरतील."

"साडेचारपर्यंत बांध टिकेल असं नाही."

"तू इंजिनीअर आहेस का?"

"नाही."

"मग तलावाचं तलाववाले बघतील. इन्शाल्ला काही होणार नाही. यल्ला, जाऊन काम कर."

मी जागेवर आले. पण काम कसलं होणार? माझं माहेर खाडीकाठचं. आमची भातशेती खारभूमीत, म्हणजे समुद्राचं पाणी मातीच्या बांधाने अडवून कमावलेल्या जमिनीत. बांधावर लक्ष ठेवायचं काम पाळीपाळीने घराघरांकडे असायचं आणि माझे वडील, आप्पा, त्यात सगळ्यांत चोख. खेकडे बांधात बिळं करतात. बाहेरचं पाणी त्या बिळांतून शेताकडे झिरपू लागतं. तसं झिरपताना दिसलं की आप्पा खाली वाकून ते पाणी ओंजळीत धरायचे. पाणी निवळ असलं तर म्हणायचे, जाऊ दे, उद्या बघू. गढूळ असलं तर एक शब्द न बोलता माणसं बोलवायला धावायचे. कारण गढूळ पाणी म्हणजे बांधाची माती आतून वाहून चालली आहे. मी अकरा वर्षांची असताना एका उधाणात बांधाला खांड पडली. गढूळ पाणी दिसल्यापासून खांड पडेपर्यंत किती वेळ गेला असेल? आई चहा करत होती, तो उकळेपर्यंतचा. शेतात खारं पाणी शिरलं आणि नंतर तीन पावसाळे त्या जमिनीत भाताची काडी उगवली नाही.

आमच्याकडे अकरा वाजले तेव्हा तिकडे उजाडलं. मी राखणदाराला म्हटलं, बांधाच्या पायथ्याशी चालत जा, फोन चालू ठेव. तो चिखलातून चालत गेला. मधोमध, गवतात, एका जागी पाणी बाहेर येत होतं. बोटाएवढी धार.

"रंग दाखव," मी म्हटलं. त्याला कळलं नाही. मी ॲपमध्ये टाइप केलं. त्याने हात पुढे करून तळव्यावर पाणी घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. निवळ होतं.

मी त्याला दर वीस मिनिटांनी तिथे जाऊन तसंच तळव्यावर पाणी दाखवायला सांगितलं. बारा वाजून गेले तरी पाणी निवळच होतं. साडेबाराला त्याने तळवा समोर धरला आणि त्यात कॉफीच्या रंगाचं पाणी होतं.



आता एक गोष्ट सांगायला हवी. विम्यासाठी मी वर्षभरापूर्वी त्या जागेचा जुना नकाशा स्कॅन करून घेतला होता. घर बांधलं तेव्हाचा, हाताने काढलेला, पाणी निळ्या रंगात. त्याच्यावरचे सगळे फ्रेंच शब्द मी एकेक करून यादीत उतरवले होते. तलावाच्या बांधाच्या टोकापासून एक निळी रेघ निघून घराभोवती आजही असलेल्या खंदकाला मिळत होती आणि खंदकातून पुढे, गावाला वळसा घालून, खाली नदीला. रेघेवरच्या शब्दाचा अर्थ शोधला तेव्हा मला तो लगेच मराठीत आठवला होता, सांडवा. तलाव भरला की जादा पाणी आपोआप निघून जावं म्हणून ठेवलेली वाट. म्हणजे मॅडमना न आवडलेला तो कोरडा खळगा निरुपयोगी नव्हता. तो सांडवा होता, कधीतरी कुणीतरी त्याचं तोंड बुजवलं होतं आणि आता त्याच्यावर गुलाब होते.

हे माझ्या लक्षात वर्षापूर्वीच आलं होतं. तेव्हा मी कुणाला बोलले नाही. मॅडमची बाग, मालकांची ती खुर्ची, कोण बोलणार? आणि तलाव तर शांत दिसत होता.

मी नकाशा पडद्यावर घेऊन पुन्हा मुदीरकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडमची बाग खोदायची?"

"हो."

"परवानगीशिवाय. मालकांच्या आणि तिकडच्या सरकारच्याही."

"हो."

"नो. खलास."

केबिनबाहेर येऊन मी नवऱ्याला फोन केला. तो उम्म अल कुवैनच्या एका कारखान्यात होता, शनिवार-रविवार घरी यायचा. तीही नोकरी आता संपतच आली होती. कारखाना बंद होणार हे त्याला आदल्याच आठवड्यात कळलं होतं. म्हणजे पुढच्या महिन्यापासून त्याचा आणि मुलीचाही व्हिसा माझ्या नोकरीवर येणार होता.

"अगं, तू कशाला मध्ये पडतेस?" तो म्हणाला. "मॅनेजर नाही म्हणाला ना? मग उद्या काही झालं तर ते त्याच्यावर. तू सही केलीस की सगळं तुझ्यावर."

"पाणी गढूळ झालंय रे."

तोही आमच्याच भागातला. म्हणाला, "बघ मग. तुला वाटेल ते कर."

मी जागेवर बसून ईमेल लिहिला. राखणदाराला, प्रत मुदीरना, मालकांना आणि तिकडच्या सरकारी वास्तुतज्ज्ञ बाईंना. बांध धोक्यात आहे, जुना सांडवा उघडण्यासाठी बाग खोदायला मी सांगते आहे, जबाबदारी माझी. खाली माझं नाव. पाठवायचं बटण दाबायच्या आधी मी पाणी प्यायले, एवढं आठवतं.

राखणदाराने वाचलं. फोनवर त्याचा आवाज बदलला होता. "गुलाब? सगळे?"

"जेवढे मध्ये येतील तेवढे."

शेजारच्या शेतकऱ्याकडे खोदकामाचं छोटं मशीन होतं. तो एक वाजता आला. मी एकच गोष्ट चार-चारदा बजावली. आधी खालचं सगळं मोकळं करा, खंदकापर्यंत. तलावाकडचं तोंड अगदी शेवटी. आधी तोंड उघडलं तर पाणी वाट फुटेल तिकडे धावेल. राखणदाराने फोन एका काठीला बांधून उभा केला आणि मी इथे टेबलाशी बसून मशीनचा दात पहिल्या झुडपात शिरताना पाहिला. जानेवारीतली गुलाबाची झुडपं, पानं नसलेली, नुसते काटे. एकेक मुळासकट वर येत होतं. राखणदार प्रत्येक झुडूप उचलून बाजूला, भिंतीशी, ओळीने ठेवत होता. वेळ नव्हता, तरी ठेवत होता. मी त्याला थांबवलं नाही.

पाऊण तास खोदलं. चिखल, माती, पुन्हा चिखल. दगडाचा पत्ता नाही.

मुदीर माझ्या मागे येऊन उभे होते. किती वेळ ते कोण जाणे. ईमेल वाचून आले होते. ओरडले नाहीत. पडद्याकडे बघत म्हणाले, "काही नाही तिथे."

तेव्हा माझ्या मनात आलं ते सांगायला लाज वाटते. मला खालच्या घरांतली माणसं आठवली नाहीत. मला मुलीची शाळा आठवली, घराचा करार आठवला. नकाशा चुकीचा असला तर? काढला, पण बांधलाच नाही, असं असलं तर?

मी नकाशा आणि उपग्रहाचा फोटो शेजारी शेजारी लावले. बाग त्या खळग्यापेक्षा खूप रुंद होती, म्हणून कुठे खोदायचं त्याचं माप आम्ही नकाशावरून, घराच्या पूर्वेच्या कोपऱ्यापासून घेतलं होतं. नकाशावरच्या घराच्या खिडक्या मोजल्या. अकरा. फोटोतल्या मोजल्या. पंधरा. घर नंतर वाढवलं होतं! नकाशातला कोपरा आणि आजचा कोपरा एक नव्हताच.

"थांबवा!" मी इतक्या जोरात ओरडले की बाजूच्या खोलीतली माणसं बाहेर आली. "घरापासून नको. मनोऱ्यापासून मोजा. मनोरा दोन्हीत आहे."

नकाशातली मापं जुन्या फ्रेंच वावांत होती, एक वाव म्हणजे दोन मीटरला किंचित कमी. मी कॅल्क्युलेटर उघडला आणि दोनदा आकडे चुकवले. मुदीरनी तो माझ्या हातातून घेतला. "आकडे सांग," म्हणाले. मी सांगत गेले, ते दाबत गेले. मनोऱ्याच्या दारापासून साडेसतरा मीटर.

मशीन सरकलं. मधल्या वेळात राखणदार बांधाकडे जाऊन आला होता. धार आता मनगटाएवढी होती. रंग विचारायची गरज नव्हती.

तीनच्या सुमारास मशीनचा दात कशावर तरी घासला. तो आवाज मी टेबलावरच्या फोनमधून ऐकला. शेतकरी खाली उतरला, फावड्याने माती ओढली. घडीव दगड. मग दुसरा. दोन्ही बाजूंना दगडी भिंती आणि खाली दगडांची फरसबंदी, घट्ट, जणू गेल्या वर्षीच बसवलेली. त्या दोघांनी त्यातली माती खंदकापर्यंत उपसली. शेवटी तलावाकडचं तोंड राहिलं. कुणीतरी विटांनी बुजवलेलं. मशीनच्या तिसऱ्या धक्क्याला विटा आत गेल्या.

पाणी आधी हळू आलं, तपकिरी, पाचोळा घेऊन. मग एकदम भरून. राखणदार मागे पळाला आणि फोनची काठी आडवी झाली. पाच-सहा मिनिटं मला पडद्यावर फक्त ढगाळ आभाळ दिसत होतं आणि कानावर पाण्याचा आवाज. मुदीर उभेच होते, ओठ हलत होते, बहुधा काहीतरी पुटपुटत होते.

मग राखणदाराचं तोंड दिसलं. "जातं आहे," तो म्हणाला. "खंदकात जातं आहे."

उरलेली बाग पाण्याने जाताना नेली. भाजीच्या वाफ्यांभोवतीची जुनी भिंत एका ठिकाणी आडवी झाली. पण तलाव उतरायला लागला, आधी बोटभर, मग वीतभर. बांधाच्या पायथ्याची धार बारीक होत गेली. अग्निशमन दलाची माणसं आली तेव्हा तिकडे तीन वाजले होते, आमच्याकडे सहा. त्यांनी त्या जागेवर मातीच्या गोण्या रचल्या.

मालकांचा फोन त्याआधीच, पावणेपाचला आला होता. त्यांनी विमानातून उतरून ईमेल वाचला होता. मी फोन कानाला लावला.

"पूरा बगीचा?" त्यांनी विचारलं.

"जी, सर."

फोन बंद झाला.

घरी गेले तर मुलगी अभ्यासाला बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "बट मम्मा, इट्स नॉट ईव्हन युवर हाऊस." मी उठले, तांदूळ धुतले. भात लावला.

मालक चार दिवसांनी परतले. मला आत बोलावलं. मुदीरही होते. मी ठरवूनच गेले होते की माफी मागायची नाही आणि समजावायचंही नाही. मालकांनी फक्त एक प्रश्न विचारला, सांडवा तिथे आहे हे मला कधी कळलं. मी खोटं बोलू शकले असते.

"एक साल पहले, सर."

"तो एक साल पहले क्यों नहीं बोला?"

तेव्हा बोलले असते तर झुडपं नीट काढून दुसरीकडे लावता आली असती. त्यांच्या लाडक्या माणसाची आठवण मी मशीनखाली घातली आणि ती वाचवण्याची वेळ होती तेव्हा भिडेपोटी गप्प बसले. तिथे उभी असताना मला ते पहिल्यांदा लख्ख दिसलं. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. ते खिडकीबाहेर बघत बसले आणि मुदीरनी मला जायची खूण केली.

नोकरी गेली नाही. निळी फाईल मात्र दुसऱ्या सहकाऱ्याकडे गेली आणि माझ्याकडे अल ऐनमधल्या घरांचे भाडेकरार आले. मुदीरनी कारण दिलं नाही, मी विचारलं नाही. नवऱ्याला दोन महिन्यांनी शारजात काम मिळालं.

सरकारी वास्तुतज्ज्ञ बाई तिकडे जाऊन पाहणी करून गेल्या. त्यांनी आधी विनापरवाना खोदल्याबद्दल खुलासा मागितला. मुदीरनी तो स्वतः लिहिला आणि मला वाचायला दिला. त्यात 'ऑफिसचा निर्णय' असं लिहिलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं तर त्यांनी मान दुसरीकडे वळवली. नंतर बाईंचं दुसरं पत्र आलं. सांडव्याचं दगडी काम मूळचं आहे, मोलाचं आहे, ते आता उघडंच ठेवायचं, त्यावर पुन्हा माती किंवा झाडं घालायची नाहीत. म्हणजे मॅडमची बाग त्या जागी पुन्हा कधीच होणार नव्हती.

राखणदाराने भिंतीशी ठेवलेल्या झुडपांपैकी नऊ जगली. त्याने ती मनोऱ्याच्या मागे लावली. हे त्याने मला फोन करून सांगितलं, फाईल माझ्याकडे नसतानाही.

बांध खरंच फुटला असता का? अग्निशमन दलाचा माणूस राखणदाराला म्हणाला होता, फुटला असता किंवा नसताही, सांगता येत नाही. खालची घरं जशीच्या तशी उभी आहेत आणि तिथल्या लोकांना आपण कशातून वाचलो की काही झालंच नव्हतं, हे कधी कळणार नाही. मलाही नाही. मोडलेलं मात्र स्पष्ट दिसतं. पहिले काही महिने मी रोज मनाशी तोच हिशेब मांडायची. नवरा म्हणायचा, तू गढूळ पाणी पाहिलंस, पुरे. कधी पटायचं, कधी नाही.

जूनमध्ये मालक नेहमीप्रमाणे तिकडे गेले. ऑगस्टअखेर परतले. ड्रायव्हर सांगत होता, त्यांनी खुर्ची सांडव्याच्या काठावर टाकून घेतली होती आणि दगड घासून स्वच्छ करवले. मला त्यांच्याकडून काही निरोप आला नाही. ते दर वर्षी तिकडून ऑफिसातल्या सगळ्यांसाठी बदामाच्या मिठाईचे डबे आणतात. त्या सकाळी मी आले तेव्हा ते वाटून झाले होते. माझ्या टेबलावरही एक होता, बाकीच्यांच्याएवढाच.